वजनात धरलेली वायर

१

दर शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या भागातली वीज जाते. दुरुस्तीचा वार आहे तो. दुरुस्ती कसली होते ते देव जाणे, एवढ्या वर्षांत आमच्या गल्लीतली एक तार सरळ झालेली मी पाहिलेली नाही. भावनगरच्या लोकांना त्याचं फारसं दुःख नाही. दुपारी इथे दुकानं झोपतात, दुकानदार झोपतात, गिऱ्हाईकही झोपतं. उकाड्यात पडून राहायचं, उठल्यावर गाठिये खायचे, की दिवस सत्कारणी लागला.

माझं मात्र डोकं उठायचं. माझी आई, आमची बा, अंथरुणाला खिळलेली आहे. तिची फुप्फुसं थकलीत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं आणि त्याची नळी तिच्या नाकाशी असते. वीज गेली की मशीन बंद. मग छोटा सिलिंडर लावायचा आणि त्याच्या काट्याकडे बघत जीव मुठीत धरून बसायचं. गावभरचे टीव्ही, पंप आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करणारा मी, आणि माझ्याच घरी इन्व्हर्टर जळून पडलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं माझी बायको रसीला दर शनिवारी न चुकता सांगायची. नवा आणा म्हणायची. नवा माल म्हणजे पत्र्याचा डबा आणि वर रंग, हे मी तिला न चुकता सांगायचो.

शेवटी मी अलंगला गेलो. मोडलेल्या जहाजांवरचा विजेचा माल तिथे रस्त्यावरच्या वखारीत हबीबभाई विकतो. त्याच्याकडे मला एक करडी पेटी मिळाली. अशी पेटी एरवी बॅटऱ्या भरत ठेवते आणि वीज गेली की त्या बॅटऱ्यांवरून पुढचं यंत्र चालतं ठेवते. पुढे काट्याचं मीटर, पितळेचे स्क्रू, आत हातभर जाडीचा ट्रान्सफॉर्मर. दोन हमालांनी ती तराजूवर ठेवली तेव्हा तराजू कुरकुरला.

पेटीच्या बुडातून वायरचा एक तुकडा लोंबत होता. जहाज मोडणारे स्क्रू काढत बसत नाहीत, कापून मोकळे होतात. हबीबभाईने कटर उचलला. तो ही शेपटी प्रत्येक गिऱ्हाइकाला काढूनच देतो.

"राहू दे," मी म्हणालो. "तोललंस ना शेपटीसकट?"

"तोललंय. पण घरात काय करणार तिचं, वजुभाई?"

"कल्हई केलेलं तांबं आहे. बाजारात शोधून मिळत नाही. वजनात धरलेली वस्तू मी सोडत नाही."

तो हसला. "तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मी जहाजाचा गंजसुद्धा विकीन," म्हणाला, आणि कटर खाली ठेवला.

२

माझं कामाचं टेबल बाच्या खोलीला लागून आहे, मधे एक भिंत. भिंतीच्या त्या अंगाला तिचा पलंग, या अंगाला मी. पेटी मी त्या भिंतीवरच टांगली. आतले फुगलेले कंडेन्सर काढून नवे टाकले, एक डायोड बदलला, मिठाने खाल्लेले जोड खरवडून पुन्हा सोल्डर केले. वीज दिली तेव्हा पेटी धीरगंभीर आवाजात गुणगुणायला लागली. जुन्या मालाचा तो आवाज ऐकला की मला वडीलधारं माणूस घरात आल्यासारखं वाटतं.

बॅटऱ्या जोडल्या, भरल्या, वीज बंद केली आणि चहा प्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या रिकाम्या. पेटीला काहीही जोडलेलं नव्हतं. दिवा नाही, पंखा नाही, साधा बल्ब नाही. तरी कुणीतरी वीज पिऊन गेलं होतं.

असे दोष मला नवे नाहीत. पुन्हा बॅटऱ्या भरल्या आणि स्टूल घेऊन मीटरसमोर बसलो. काटा शून्यावर होता. मग तो उचलला गेला, थोडा वेळ वर राहिला आणि परत खाली आला. मी शिवी दिली. सतत गळणारी वीज परवडते, तिचा माग लागतो. येते-जाते तो सैल जोड, आणि सैल जोडाइतकी हरामखोर गोष्ट या धंद्यात दुसरी नाही. डॉक्टरसमोर दात दुखायचा थांबतो तसं तुम्ही हात लावलात की तो गप्प बसतो.

मी सगळे जोड पुन्हा तापवले. डायोड पुन्हा काढले, घातले. काटा आपला वर, मग खाली. मला एकच गोष्ट छळत होती. ते मीटर सगळ्यात शेवटी बसवलेलं होतं, पेटीतून बाहेर पडणाऱ्या वाटेवर. आत काहीही बिघडलेलं असो, त्याला ते दिसायला नको होतं. ते फक्त बाहेर जाणारी वीज मोजत होतं.

३

आठवडा त्यात गेला. गिऱ्हाइकांचे टीव्ही एकावर एक रचले गेले. एक बाई येऊन माझ्या तोंडावर म्हणाली की तिची मालिका संपली तरी टीव्ही आला नाही. मी तिच्यावर ओरडलो, रसीला माझ्यावर ओरडली. घरात भाखरी थंडगार आणि ताक गरम, अशी तऱ्हा.

एकदा रसीला चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. काटा वर गेला, राहिला, उतरला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वर.

"हे बिघडलेलं नाही वाटत मला," ती म्हणाली.

"तू कधीपासून मिस्त्री झालीस?"

"बिघडलेली वस्तू वाट बघत नाही. हे बघतंय."

मी तिला चहाचा कप परत दिला. राग आला मला, कारण तेच मला दोन दिवसांपासून वाटत होतं आणि मी स्वतःला वाटू देत नव्हतो.

मग डोक्यात आलं की बाहेर जायला पेटीला एकच वाट आहे, ती शेपटी. तिची कापलेली टोकं हवेत लोंबत होती. हवेतून वीज जात नाही. तरी मी स्क्रू ढिले करून शेपटी सोडवली, आणि काटा शून्यावर पडला तो पडलाच. तासभर बसलो, हलला नाही.

मला इतकं हायसं वाटलं की मी एकटाच हसलो. ओल होती! समुद्रात आयुष्य काढलेली वायर, आत मीठ आणि ओल झिरपलेली. एका तारेतून दुसरीत वीज पाझरत असणार. मी ती गच्चीवर उन्हात टाकली. मे महिन्याचं ऊन, पापड भाजून निघावेत असं. संध्याकाळी परत जोडली. काटा मेल्यासारखा स्वस्थ.

शेपटी फेकून द्यायची सोडून कोणी परत का जोडावी, असं कुणी बाहेरचा विचारील. आमच्याकडे विचारणार नाही. आमच्या अर्ध्या गावाच्या भिंतींतून जहाजांच्या तारा गेल्यात. चांगलं तांबं, पैसे दिलेलं. भिंतीला भोक पाडून मी ती पलीकडे बाच्या खोलीत काढली आणि तिच्या टोकाला, बॅटरीची वीज मशीनला चालेल अशी करायला घरी जुळवलेल्या छोट्या इन्व्हर्टरमधून, बाचं मशीन जोडलं.

४

शनिवारी वीज गेली. पंखे थांबले, गल्लीतले कूलर थांबले आणि बाचं मशीन घुरघुरत राहिलं. मी रसीलाकडे पाहिलं. त्या दिवशी कढीत गूळ नीट पडला होता. बाने माझा हात धरून विचारलं, "वीज नाही गेली आज?" मी म्हणालो, "गेली बा. तुझी नाही गेली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

थोड्या वेळाने तिने गोधडी मागितली.

मे महिन्यात, पंखा बंद, खिडकीतून वाफा येतायत आणि बाला गोधडी हवी. रसीला म्हणाली, म्हाताऱ्या अंगात ऊब राहत नाही. दिली. मग दुसरी दिली. मी तिचे पाय चेपायला बसलो तर पाय बर्फाच्या लादीसारखे. वीज परत आली, पण थंडी गेली नाही. बा तक्रार करत नव्हती. तोंड भिंतीकडे करून पडली होती आणि गोधडीतून एक हात बाहेर काढून भिंतीवर अंगठा टेकवत होती. टेकवायची, दाबून धरायची, सोडायची. मग पडून राहायची.

"काय करतेस, बा?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "येईल कुणीतरी."

मी पलीकडे जाऊन मीटर पाहिलं. मशीनच्या भाराने काटा जिथे उभा असायला हवा होता तिथे होता. मग तो त्याहून वर गेला, थोडा राहिला आणि उतरला.

५

भिंत हलत असणार. एकाच विटेची भिंत, तिच्यावर पेटी टांगलेली. पलीकडून दाबलं की पेटी हलणार, काटा हलणार. यात न समजण्यासारखं काय आहे? मी स्वतःला असं दोनदा सांगितलं आणि पेटी उतरवली. वायरी लांबवून ती मागच्या ओसरीत, जमिनीवर, गोणपाटावर ठेवली. बाच्या खोलीचं दार त्याच ओसरीत उघडतं. आता हलवून दाखव म्हणावं.

रसीलाला बाजवळ उभं केलं. बाने अंगठा दाबला की "आता" म्हणायचं, सोडला की "सोडला" म्हणायचं. तिला हा पोरखेळ वाटत होता, पण माझा चेहरा पाहून ती गेली. मी ओसरीत उकिडवा बसलो.

"आता," आतून आवाज आला. काटा वर होता.

"सोडला." काटा खाली.

"आता." काटा वर. खरं सांगायचं तर काटा तिच्या शब्दाच्या किंचित आधीच वर गेला होता. मी म्हटलं, रसीला उशिरा बोलते, तिचं सगळंच उशिरा. पुन्हा तसंच झालं. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला विलक्षण चीड आली होती, कुणीतरी माझ्यासमोर बसून पत्त्यांत फसवतंय आणि मला हात दिसत नाही तशी.

काटा वर गेला. आतून शब्द आला नाही. मी थांबलो. काटा वरच होता.

"अगं बोल ना!" मी ओरडलो.

"काय बोलू?" रसीलाचा आवाज अगदी हळू आला. "बा झोपल्यात. दोन्ही हात गोधडीत आहेत."

काटा अजून वरच होता. आता तर तो थरथरत होता.

६

मी आत गेलो आणि इन्व्हर्टरमधून मशीनची पिन उपटली. वीज आलेली होती, पिन सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातली. मशीन घुरघुरलं. संपला विषय. कापायची ती शेपटी, भंगारात घालायची पेटी, आणि उद्या रसीलाच्या आवडीचा पत्र्याचा डबा आणायचा. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल.

बाचा श्वास थांबला.

मशीन चालू होतं. नळीतून हवा येत होती, मी गालाला लावून पाहिली. पण बाची छाती वर येईना. बोटाला लावायच्या मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला आणि ओठ जांभळे पडले. रसीलाने सिलिंडर ओढला, नळी त्याला लावली. काही नाही. ती रडायला लागली. मी काय केलं ते मी विचार करून केलेलं नाही. पिन सॉकेटमधून काढून परत त्या शेपटीच्या इन्व्हर्टरमध्ये खुपसली.

बाने श्वास घेतला. लांब, पाण्यातून वर आल्यासारखा. सोडला तेव्हा तिच्या तोंडातून वाफ निघाली. खिडकीबाहेर ऊन तापलेलं होतं, आणि माझ्या आईच्या तोंडातून वाफ निघत होती.

मी मुद्दाम भिंतीकडे पाहत नव्हतो. मग पाहिलं. जिथे ती अंगठा टेकवायची तिथे ताटलीएवढा पांढरा चट्टा उमटला होता. हात लावला तर बर्फ, बोटाला चटका देणारं. त्याच्या मधोमध अंगठा दाबून दाबून पडलेला खळगा होता. बाचा अंगठा वाळलेल्या शेंगेएवढा आहे. त्या खळग्यात तिचे दोन अंगठे मावले असते.

७

हबीबभाईकडे गेलो तेव्हा तो गाळ्यात पंख्याखाली बसून जहाजाची घड्याळं पुसत होता. पेटी कशाची होती म्हणून विचारलं. त्याने सहज सांगितलं. जहाजावर मांस-मासळी ठेवायची थंड खोली असते, दगडासारखं जाड दार असलेली. आत गेलेल्या माणसावर दार मिटलं तर त्याने आतून दाबायची म्हणून एक बेल असते. त्या बेलची ही पेटी. जहाजातली सगळी वीज गेली तरी ती बेल वाजली पाहिजे, म्हणून तिला बॅटऱ्या.

"कुणी अडकलं होतं का त्यात?"

"भाई, जहाज आमच्याकडे येतं तेव्हा त्याचं नावसुद्धा पुसलेलं असतं."

"आणि ती खोली? ते दार?"

"सिहोरच्या भट्टीत गेलं. सळया झाल्या त्याच्या. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असतील." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "शेपटी काढली नाहीत ना तुम्ही?"

तो ती सगळ्यांना काढून का देतो, हे मी तेव्हा विचारलं. त्याचा बाप तसं करायचा, म्हणाला. बापाला कधी विचारलं नाही. आता कापा म्हणाला, घरी जाऊन ताबडतोब कापा. मी त्याला सांगितलं की आता तिच्या टोकाला माझी आई आहे. हबीबभाई एरवी मयताच्या घरीही थट्टा करील. त्याने बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला आणि पुसून झालेलं घड्याळ पुन्हा पुसत राहिला.

८

आता पेटी कायम चालू असते. जन्मभर लोकांच्या वस्तू दुरुस्त केल्या, आणि घरात ही एक वस्तू आहे जिला मी हात लावू शकत नाही. बा जेवते दोन घास. खिचडी तिच्या तोंडाशी नेईपर्यंत थिजते. बोलते कमी. मधूनच भिंतीवर अंगठा टेकवते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, "दार उघड ना रे. किती वेळ दाबतेय."

मी दार उघडतो. तसं ते उघडंच असतं, मी आणखी उघडतो. ती मान हलवते. "हे नव्हे." मी गल्लीचं दार उघडलं, कपाटाची दारं उघडली, एकदा तर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आलो. वेड लागायची पाळी आली. "हे नव्हे रे. बाहेरून उघडतं ते."

काल दुपारी रसीला दूध आणायला गेली होती. बाचा अंगठा भिंतीवरून निघेचना. तिचे डोळे इतके थकलेले होते की मला बघवेना. मला एक सुचलं. खोलीतून बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. बाहेरून उघडतं ते दार, तर हे घ्या. घटकाभराने काढायची आणि तिला दाखवायचं, बघ, उघडलं. तिचं समाधान, दुसरं काय.

कडी पडली तसा पायाशी पेटीचा काटा उतरला. बाच्या मशीनचा भार तेवढा राहिला. वरचा भार गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी काही दाबत नव्हतं.

मग दारावर आतून थाप पडली. माझ्या डोक्याच्याही वर, उंच माणसाच्या हाताची. बा दिवाळीपासून उभी राहिलेली नाही. फळीच्या फटीतून थंड हवा माझ्या पावलांवर आली आणि दुसरी थाप पडली, पहिल्यापेक्षा हळू, संकोचाने मारल्यासारखी.

"वजु," पलंगाच्या बाजूने बाचा आवाज आला. अगदी मोकळा, पूर्वीचा, धाप नसलेला. "हेच ते. काढ कडी. आधी तो जाईल, मग मी."

कडी थंडीने हाताला चिकटत होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून खाली दाबून ठेवली, आतून कुणालाही उघडता येऊ नये म्हणून. पलीकडे आता थापा थांबल्या होत्या. दोघंही वाट बघत होती.